कानामागची माती

क्षमा उमाळकर जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका मुलींच्या कॉलेजात चित्रकला शिकवत होती. आठवड्याला नऊ तास रेखाटनाचे आणि सहा तास कलेच्या इतिहासाचे. विभागात दुसरं कायमचं माणूस नसल्यामुळे दोन्ही विषय तिच्या वाट्याला आले होते, आणि तिला ते आवडतही होतं. इतिहासाच्या तासाला ती पडद्यावर मूर्तीचा फोटो लावायची आणि आधी पंधरा मिनिटं मुलींना नुसती पेन्सिल चालवायला लावायची. शतक, राजघराणं, दगड कुठला, हे सगळं त्यानंतर. मुली कुरकुरायच्या, कारण परीक्षेत चित्राला गुण नव्हते. क्षमा म्हणायची, "हातानं काढलं नाही म्हणजे डोळ्यानं पाहिलंच नाही."

ती स्वतः रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी तासभर चित्र काढत असे. समोर येईल ते. किटली, वडिलांचे पाय, गॅलरीतली कुंडी. रविवारी मात्र वही घेऊन स्कूटरनं बम्होरीला जायची. जबलपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या या गावात चिंचेच्या पारावर, विहिरीच्या काठावर, कुणाच्या अंगणात अशा अकरा देवींच्या जुन्या दगडी मूर्ती विखुरल्या होत्या. कुणाचे हात गेलेले, कुणाचं नुसतं धड. या अकराही एकाच पडक्या देवळातल्या असाव्यात, असा तिचा अंदाज होता आणि त्यावरच ती पीएच.डी. करत होती. इतर लोक फोटो काढून घरी बसून लिहीत. क्षमा प्रत्येक मूर्तीपुढे चार-पाच रविवार बसून तिचं चित्र काढी आणि मगच तिच्यावर लिही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिचा प्रबंध अजून पुरा व्हायचा होता. बरोबरचे लोक केव्हाच प्राध्यापक होऊन बसले होते. पण शिकवणं, शिकणं आणि चित्र काढणं ही तिन्ही कामं एकमेकांच्या आधारानं चालली आहेत, याचं तिला समाधान होतं. थोडा अभिमानही होता.

या कामाच्या तिसऱ्या वर्षी तिला एक मोठी गोष्ट सापडली. पारावरच्या चिंचेला टेकवून ठेवलेलं एक धड होतं. त्याच्या डाव्या खांद्यावर तळहाताएवढा खडबडीत डाग होता. तिथे पूर्वी काहीतरी टेकलेलं होतं आणि ते तुटून गेलं होतं. त्या काळच्या मूर्तींमध्ये केसांचा मोठा अंबाडा एका बाजूला कलून खांद्यावर उतरलेला असतो, हे क्षमाला ठाऊक होतं. म्हणजे या देवीचा अंबाडा डावीकडे होता.

आणि गावातच, बेबीबाईच्या घरी, भिंतीतल्या कोनाड्यात एक दगडी डोकं होतं.

बेबीबाई साठीच्या पुढची, एकटी राहणारी बाई. माहेर पांढुर्ण्याकडचं, त्यामुळे मराठी बोलायची, आणि क्षमा मराठी आहे हे कळल्यापासून तिला चहा दिल्याशिवाय सोडत नसे. ते डोकं तिच्या सासूला शेत नांगरताना सापडलं होतं. सासूनं पूजलं, मग हिनं. पण डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला चालत नसे. म्हणून क्षमानं ते समोर बसूनच काढलं. कोनाड्यात अंधार होता, आणि उजवा कान भिंतीच्या सावलीत होता. दिव्याच्या काजळीनं आणि तेलानं दगड काळा झाला होता. पण डाव्या कानामागे अंगठ्याएवढा एक उंचवटा स्पष्ट दिसत होता. तुटलेल्या अंबाड्याचं मूळ. क्षमाच्या पेन्सिलीनं तो अलगद टिपला, आणि त्या रविवारी परत येताना ती रस्ताभर गाणं गुणगुणत होती. डाव्या खांद्यावर डाग, डाव्या कानामागे मूळ. डोकं त्याच धडाचं होतं.

तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापून एक लेख लिहिला. तो एका संशोधनाच्या नियतकालिकात आला. एका स्थानिक हिंदी वर्तमानपत्रानं त्यावरून बातमी केली, 'हज़ार साल बाद देवी को मिला अपना मुख'. बातमी बम्होरीत पोचली. नवरात्राच्या आधी गावानं वर्गणी काढून पाराशेजारी ओटा बांधला, त्यावर धड उभं केलं, बेबीबाईच्या घरून डोकं आणलं आणि गवंड्यानं ते सिमेंटनं धडावर बसवलं. घटस्थापनेला क्षमाला बोलावून शाल आणि नारळ दिला. सिमेंट लावायला नको होतं, असं ती सरपंचांना म्हणाली, पण हळूच म्हणाली. समोर ओळीनं बायका ओटी भरत होत्या, आणि देवीला चेहरा होता.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी दीपा वाघाडे स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. ही मुलगी बी.ए. करून आता कॉलेजातच एम.ए.ला होती. राहायला खमरियाच्या क्वार्टरमध्ये, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. कमी बोलणारी. तिची चित्रं कडक असायची. रेषेत गोडवा नव्हता, पण कष्ट असायचे.

"मॅडम, एक शीट दाखवायची होती. पिछले साल की है."

"ये ना. बैस."

दीपा बसली नाही. तिनं गुंडाळी उलगडून टेबलावर धरली. गेल्या हिवाळ्यात क्षमानं वर्गाला बम्होरीला नेलं होतं, तेव्हाचं चित्र. बेबीबाईच्या घरचं ते डोकं, मागच्या बाजूनं काढलेलं. शेजारी क्षमाच्या अक्षरात शेरा होता, 'मागून काढताना डावे-उजवे उलटे झाले आहे. नीट पाहा.' उजव्या कानामागे दीपानं काढलेल्या उंचवट्यावर क्षमानं फुली मारली होती, आणि डाव्या कानामागे आपल्या हलक्या रेषेनं तो नीट काढून दिला होता. खाली गुण होते. वीसपैकी अकरा.

"हे तू मागून कसं काढलंस? बेबीबाई डोकं खाली घेऊ देत नाही."

"त्या दिवशी अमावस्या होती मॅडम. त्या देवीला धुऊन राहिल्या होत्या अंगणात. मला म्हणाल्या, हात नको लावू, दुरून काढ. तर मी काढलं." दीपानं शीटची वळणारी कड दाबून धरली. "तुम्ही बाकीच्या मुलींसोबत पारावर होत्या."

"मग आता काय झालं?"

दीपानं मोबाइल पुढे केला. "नवरात्रात आईसोबत दर्शनाला गेली होती मी. ओट्याच्या मागून प्रदक्षिणेला जागा ठेवली आहे ना, तिथून घेतला."

फोटो उन्हातला होता, स्वच्छ. देवीची पाठ. डाव्या खांद्यावरचा तो खडबडीत डाग. वर डोकं, आणि उजव्या कानामागे तुटका उंचवटा. डाव्या कानामागे काही नव्हतं. गुळगुळीत दगड होता.

"दोन अंबाडे झाले मॅडम," दीपा म्हणाली. "एकच पाहिजे ना."

क्षमानं फोटो मोठा करून पाहिला, परत लहान केला. "दगड झिजतो दीपा. हा उजवीकडचा भाग कुंडलाचा पण असू शकतो. एका फोटोवरून असं ठरत नाही."

"जी मॅडम."

"आणि हे तू मला नवरात्रात का नाही सांगितलं?"

"मला वाटलं माझंच चुकत असेल," दीपा म्हणाली. "दोन हफ्ते रोज शीट काढून पाहत होती."

ती शीट टेबलावर ठेवून गेली. पुढच्या तासाला क्षमानं वर्ग घेतला, पण पडद्यावर कुठला फोटो लावला होता हे तिला संध्याकाळी आठवेना. तिला राग आला होता, आणि तो दीपाचा नव्हता हे समजायला तिला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. आपण त्या मुलीच्या अचूक रेषेवर फुली मारली, आणि शेजारी सुंदर हातानं चूक काढून दिली, हे तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हतं.

रविवारी ती बम्होरीला गेली. ओट्याच्या मागे गोणपाट टाकून बसली आणि पहिल्यांदाच त्या देवीची पाठ काढायला घेतली. लेख लिहिताना धड चिंचेला टेकलेलं होतं आणि डोकं कोनाड्यात. दोन्हींची पाठ तिनं कधी पाहिलीच नव्हती, आणि पाहिली नाही हे लेखात लिहिलंही नव्हतं. आज ती टेपही घेऊन आली होती. धडाच्या मानेचा तुटका भाग डोक्याच्या मानेपेक्षा चांगला बोटभर रुंद होता. मधला फरक गवंड्यानं सिमेंटनं उतरता करून सफाईनं बुजवला होता. समोरून हार असायचे, त्यामुळे दिसत नव्हतं.

तीन तास ती काढत होती. प्रदक्षिणेला येणाऱ्या बायका तिच्या बाजूनं वळसा घालून जात होत्या. उजव्या कानामागचा उंचवटा तिनं सगळ्यात शेवटी काढला. त्यावर केसांच्या बारीक कोरलेल्या रेघा होत्या. कुंडल नव्हतं ते.

मग ती उठून बेबीबाईकडे गेली. कोनाडा रिकामा होता. त्यात एक पणती आणि हळदीकुंकवाची डबी होती.

"बेबीबाई, एक विचारायचं होतं. डोकं कोनाड्यात होतं तेव्हा त्याच्यामागे तुम्ही काही ठेवत होत्या का?"

"ठेवत व्हती नं. माती." बेबीबाईनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. "डोकं एका बाजूले झुके. मंग कानाच्या मांगं ओल्या मातीचा गोळा देत व्हती. दर अमोशाले धुतलं का नवा गोळा."

"कोणत्या कानामागे?"

बेबीबाईनं स्वतःच्या डाव्या कानामागे बोट लावलं. "या. काहून पुसता?"

क्षमा म्हणाली, "सहज," आणि चहा घेऊन निघाली. खरं सांगायला त्या दिवशी तिला धीर झाला नाही.

घरी तिचे वडील विष्णुपंत जेवणासाठी थांबले होते. चौतीस वर्षं खमरियाच्या फॅक्टरीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेला माणूस. वय शहात्तर, पण पेन्सिलीला अजून ब्लेडनंच टोक काढायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच. क्षमानं पानं घेतली, आणि त्यांनी वही ओढून नवं चित्र पाहिलं.

"मापं टाकली आहेत यावेळी."

"हो बाबा."

"आधीच्यावर नव्हती. मी पाहिलं होतं तेव्हा."

"बेबीबाई हात लावू देत नव्हती. आणि मला वाटलं, नजर बसली आहे आता. नजरेनं भागेल."

विष्णुपंतांनी वही मिटली नाही. भाजीतला हात तसाच ठेवून ते पाहत राहिले. क्षमानं मग सगळं सांगितलं. मातीचा गोळा, दीपाची शीट, अकरा गुण, शाल आणि नारळ.

"आमच्याकडे चुकलेलं ड्रॉइंग कोणी फाडत नसे," विष्णुपंत शेवटी म्हणाले. "कोपऱ्यात रकाना असे. काय बदललं, कोणत्या तारखेला, कोणी बदललं. खाली सही. त्यात लाज नव्हती. सही न करता बदललं तर मात्र बोलणी बसत."

"हे छापून गेलं आहे बाबा. प्रबंधाचं चौथं प्रकरण सगळं त्याच्यावर उभं आहे. मार्चमध्ये द्यायचा आहे."

"मग काय करणार?"

"सरांना विचारते. ते म्हणतील तसं."

"सरांनी काढलं होतं काय चित्र?" विष्णुपंतांनी विचारलं, आणि भाकरी मोडायला घेतली.

तरी तिनं दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. अंबरीश सर तिचे मार्गदर्शक. भला माणूस, दोनदा तिची मुदत वाढवून घेतलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"क्षमा, मूर्तीची पाठ कोण पाहतं? परीक्षक बम्होरीला जाणार आहेत का? तुम्ही मार्चमध्ये प्रबंध द्या. पदवी हातात येऊ द्या. मग सवडीनं दुसरा लेख लिहा, त्यात दुरुस्ती करा. आपण खोटं सांगत नाही आहोत. फक्त आत्ता सांगत नाही आहोत."

"सर, माझ्या विद्यार्थिनीकडे फोटो आहे."

"तिला सांगा ना मग, थोडं थांब म्हणून. तुमचीच मुलगी आहे."

क्षमानं बरं म्हणून फोन ठेवला. ती त्या संध्याकाळी दीपाला हे कसं सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत बसली. 'दीपा, तुझं बरोबर आहे, पण.' 'दीपा, काही महिने हे आपल्यातच.' एकही वाक्य पूर्ण होईना. गेली सोळा वर्षं ज्या तोंडानं ती वर्गात 'नीट पाहा' म्हणत आली होती, त्याच तोंडानं 'पाहिलंस ते सांगू नकोस' म्हणायचं होतं. तिनं प्रयत्न सोडून दिला आणि नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला बसली. पत्र पानभराचं झालं. माझ्या लेखातली मूर्तीची जोडणी चुकीची आहे. डोक्याच्या डाव्या कानामागे जो उंचवटा मी रेखाटला तो आधारासाठी लावलेल्या मातीचा होता. ही चूक माझी विद्यार्थिनी दीपा वाघाडे हिच्या रेखाटनामुळे लक्षात आली. सोबत तिचं चित्र, माझं नवं चित्र आणि मापं.

पाठवण्याआधी तिनं ते दीपाला वाचायला दिलं.

"माझं नाव नका टाकू मॅडम," दीपा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "लोग बोलेंगे मॅडमला खोटं पाडलं."

"तुझं चित्र आहे. नाव तुझंच येणार."

"पण..."

"ते अकरा मार्कही बदलायचे होते मला. विचारलं ऑफिसात. निकाल लागल्यावर बदलत नाहीत म्हणाले." क्षमानं शीट परत तिच्या हातात दिली. तिच्या फुलीखाली आता नवी ओळ होती. 'माझी दुरुस्ती चुकीची होती. मूळ रेखाटन बरोबर आहे.' खाली सही आणि तारीख.

दीपानं ती ओळ वाचली आणि बराच वेळ शीट गुंडाळली नाही.

पत्र गेलं. आता बम्होरीला सांगणं उरलं होतं, आणि क्षमाला त्याचीच जास्त धास्ती होती. पुढच्या रविवारी तिनं सरपंचांना आणि बेबीबाईला ओट्यापाशी बोलावलं. हिंदीत एकदा, मराठीत एकदा, दोघांना समजेल असं सांगितलं. डोकं या धडाचं नाही. चूक माझी आहे.

सरपंच हसले. "अरे मैडम, अब तो जुड़ गई. देवी तो देवी है. मुँह इसका हो कि उसका, दर्शन तो हो रहे हैं." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला होता. पुढच्या नवरात्रात शेड घालायची आहे, तुम्ही या, असं म्हणून ते गेले.

बेबीबाई मात्र गेली नाही. ती ओट्याच्या पायरीवर बसली होती आणि तिचं तोंड बारीक झालं होतं.

"मी देत नव्हती," ती म्हणाली. "चार जण आले व्हते घरी. मी म्हटलं, माह्या सासूनं ठेवलेलं हाय, मी नाही देत. तर सरपंच म्हणे, पेपरात आलं हाय, मॅडमनं लिहिलं, हे इचंच डोकं हाय, तू किती दिवस तिले बिनडोक्याची ठेवशीन? मंग मले वाटलं, बरोबर हाय. ज्याचं त्याले द्या. म्हणून देल्लं मी."

हे क्षमाला माहीतच नव्हतं. घटस्थापनेच्या दिवशी बेबीबाई गर्दीत कुठे होती, हेही तिनं पाहिलं नव्हतं.

"तर मंग ते कोणाचंच नव्हतं," बेबीबाई म्हणाली. "माह्याच घरी बरं व्हतं ते."

"मी सरपंचांशी बोलते. डोकं काढून तुम्हाला परत द्यायला सांगते. माझ्यामुळे गेलं आहे ते."

दोघी मिळून गवंड्याकडे गेल्या. तो शेजारच्याच आळीत राहत होता. त्यानं येऊन मानेवर हात फिरवला, नखानं सिमेंट खरवडून पाहिलं. काढता येईल, म्हणाला, पण छिन्नी लावावी लागेल, आणि दगड जुना आहे, आत भेग असली तर कान, गाल काहीही उडेल. जबाबदारी मी घेणार नाही.

क्षमानं बेबीबाईकडे पाहिलं. बेबीबाई डोक्याकडे पाहत होती. नवरात्रातला शेंदूर अजून कपाळावर होता.

"राहू दे," ती म्हणाली. "फुटलं तं ना इचं राहीन, ना माहं. राहू दे इथं. मी येत जाईन." मग परत जाताना वाटेत तिनं विचारलं, "तुमी माह्या घरी बसून काढलं व्हतं ते चित्र हाय काय तुमच्याजवळ?"

"आहे. पण ते चुकलेलं आहे बेबीबाई. त्यात मी मातीचा गोळा दगड समजून काढला आहे."

"मंग माती समजून काढा नं. मले कोनाड्यात लावाले पायजे."

त्यानंतरचे दोन रविवार क्षमा बेबीबाईच्या घरी बसली. समोर रिकामा कोनाडा, मांडीवर जुनं चित्र, आणि बेबीबाई शेजारी बसून सांगत होती. इथं काजळी जास्त. ही पणती अशी, वात इकडे. नाक जरा घासलेलं होतं, सासूबाई चंदन उगाळून तिथंच लावायच्या. गोळा एवढा नाही, थोडा खाली, आणि त्याच्यावर माझ्या बोटाचे ठसे असायचे, ते काढा. क्षमानं ते काढले. समोर नसलेली वस्तू दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढायची ही तिची पहिलीच वेळ होती, आणि ते किती अवघड आहे हे तिला दोन रविवारांत कळलं. दहा ठिकाणी खोडावं लागलं. चित्र पुरं झालं तेव्हा बेबीबाईनं ते दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि म्हणाली, "हां. अशीच व्हती." विष्णुपंतांनी त्याला लाकडी चौकट करून दिली.

मार्च गेला. प्रबंध द्यायचा राहिला. अंबरीश सर तीन आठवडे फोनवर तुटक बोलले, मग स्वतःच मुदतवाढीच्या अर्जावर शिफारस लिहून पाठवली. सहा महिने मिळाले. क्षमानं चौथं प्रकरण काढून टाकलं नाही. पुन्हा लिहिलं. चूक कशी झाली, कुठे बसून झाली, उजेड कुठून होता, आपल्याला काय दिसायला हवं होतं आणि म्हणून काय दिसलं, हे तिनं सरळ मांडलं. आपली जुनी-नवी दोन्ही चित्रं आणि दीपाचं चित्र एकाखाली एक दिलं. अकरा मूर्ती एकाच देवळातल्या, हा मूळ अंदाज आता तेवढा पक्का राहिला नव्हता. आठ नक्की, तिघींबद्दल शंका, असं तिनं लिहिलं.

नियतकालिकानं तिच्या पानभर पत्राच्या सहा ओळी करून शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली छापल्या. दीपाचं आडनाव त्यात 'वाघडे' पडलं होतं. तरी तिच्या आईनं ते पान प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं आहे. वर्तमानपत्रानं काही छापलं नाही. क्षमानं दोनदा जाऊन सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, "मैडम, इसमें न्यूज़ क्या है?"

पुढच्या हिवाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बराच वेळ चौथ्या प्रकरणावरच अडल्या होत्या. त्यांना ते पटलं की नाही, हे क्षमाला शेवटपर्यंत कळलं नाही. हे इतिहासाचं काम आहे की चित्रकाराची रोजनिशी, असं त्यांनी एकदा विचारलं. क्षमा म्हणाली, "मला ती दोन वेगळी करता येत नाहीत. मी प्रयत्न केला आहे." त्यांनी एक ओळ लिहून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला. पदवी मिळाली. शेऱ्यात 'भाषा काही ठिकाणी वैयक्तिक' असं होतं.

कॉलेजात वर्ग तसाच चालू आहे. फक्त आता प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात मुलींना तीन गोष्टी लिहाव्या लागतात. कुठे बसून काढलं, उजेड कुठून होता, कोणती बाजू दिसली नाही. मुली कुरकुरतात. त्याला अजूनही गुण नाहीत. शेरा लिहिताना क्षमा आता दुसऱ्याच्या चित्रावर स्वतःची रेष काढत नाही. सांगायचं असेल तर वेगळ्या कागदावर काढून शेजारी ठेवते.

दीपा एम.ए. झाली आणि त्याच कॉलेजात तासिकेवर रेखाटन शिकवायला लागली. त्यामुळे क्षमाचे चार तास मोकळे झाले. रविवारी दोघी दीपाच्या स्कूटीवर बम्होरीला जातात. क्षमा मागे बसते. दीपा फार जोरात चालवते, पण मागे बसणं दीपाला मुळीच आवडत नाही. उरलेल्या मूर्तींच्या पाठी काढायचं काम चालू आहे. आतापर्यंत सात झाल्या. एकीच्या पाठीवर दोघींनी काढलेल्या रेषा जुळल्या नाहीत, म्हणून ती परत काढायची आहे. राहिलेल्या चारांपैकी एक विहिरीच्या भिंतीत चिणलेली आहे. तिची पाठ काही मिळणार नाही.